रोज किती उड्या मारता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

लांब उडी आणि तिहेरी उडी खेळते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग रोज सरावाला किती उड्या मारता?" खरं उत्तर दिलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. पूर्ण रनअप घेऊन खरीखुरी उडी मी बहुतेक दिवस मारतच नाही. तिहेरी तर सीझन तोंडावर आला तरी अगदी हात राखून.

कारण पाय. लांब उडीत बोर्डवर, म्हणजे जिथून उडायचं त्या फळीवर, एकदा पाय आपटला की पुढे वाळूच. तिहेरीत आधी हॉप, म्हणजे ज्या पायाने उडालो त्याच पायावर उतरायचं, मग स्टेप दुसऱ्या पायावर, मग जंप, आणि ही पहिली दोन उतरणं कडक ट्रॅकवर, भरधाव वेगात, एकेका पायावर. पायावर येणारा भार तेव्हा शरीराच्या वजनाच्या दहापटीच्याही वर जाऊ शकतो. टाच, घोटा, गुडघा, कंबर, सगळ्यांची वसुली तिथेच. ख्रिश्चन टेलर, तिहेरीतला 2012 चा ऑलिंपिक विजेता, गुडघा कुरकुरायला लागला तर त्याने चक्क टेक-ऑफचा पायच बदलला आणि 2015 ला बीजिंगमध्ये त्या दुसऱ्या पायाने 18.21 मीटर मारली! मला नुसता पाय बदलून रनअप घ्यायचा म्हटलं तरी गोंधळ उडतो.

मग सरावाला करते काय? मुख्य म्हणजे रनअप. बोर्डपासून उलटं मोजत जायचं, सुरुवातीच्या जागी टेप चिकटवायची, जीव खाऊन धावायचं, बोर्डवर पाय टाकायचा आणि तसंच वाळूतून पळत निघून जायचं. उडी नाहीच. कोच बाजूला उकिडवे बसून फक्त बुटाचं टोक बघत असतात. बोर्ड 20 सेंटीमीटर रुंद, बुटाचं टोक पुढच्या कडेपलीकडे गेलं की लाल झेंडा, म्हणजे उडी बाद, आणि अलीकडे राहिलं तर तेवढं अंतर पाण्यात, कारण मोजणी त्या कडेपासून होते, तुमचा पाय कुठून उचलला तिथून नाही. समोरून वारा असला की पावलं आखूड पडतात, पाठीमागून असला की लांब, मग टेप थोडी पुढेमागे सरकवायची, आणि स्पर्धेत हे दोन उड्यांच्या मधे, धाप लागलेली असताना. बाकी वजनं, स्प्रिंट आणि चार-सहा पावलांच्या छोट्या रनअपच्या उड्या.

यावर दुसरा प्रश्न येतोच, दोन्ही कशाला, एक धर की. पॉइंट आहे. 1904 च्या ऑलिंपिकमध्ये मायर प्रिन्स्टीनने दोन्हीत गोल्ड घेतलं, पुरुषांत ते पुन्हा कुणाला जमलं नाही. लांब उडीत शेवटच्या दोन पावलांत कंबर किंचित खाली घेऊन वर उसळायचं असतं, तिहेरीत तीच सवय घात करते, हॉप उंच गेला की स्टेपला पाय दबतो आणि सगळा वेग तिथेच खलास. बूटसुद्धा वेगळे. व्हेनेझुएलाची तिहेरीवाली युलिमार रोहास, तिची 2022 मधली 6.93 मीटरची लांब उडी बाद धरली गेली, का तर पायात तिहेरीचे जाड तळव्याचे बूट होते.

तरी मी दोन्ही खेळते, कारण लांब उडी शरीराला परवडते, वर्षभर स्पर्धांमध्ये राहता येतं, आणि आवडते मात्र तिहेरी. एकाच दिवशी दोन्ही आल्या तर मी लांब उडी सोडते. कोच नाराज होतात, होऊ देत, पाय आधीच जड झाले असले की स्टेप लगेच चुगली करते.