पडवळ ओरडला, बरं झालं

पडवळच्या ऑपरेशनला काल सहा आठवडे झाले. पडवळ म्हणजे आमचा पाच वर्षांचा डॅशहुंड, लांबलचक अंगाचा आणि आखूड पायांचा कुत्रा. पहिल्या दिवशी घरी आणला तेव्हा आई म्हणाली, "अगं हे कुत्रं आहे का पडवळ?" झालं, तेच नाव चिकटलं.

गौरी जेवणाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं आणि हा टीव्हीच्या मागे जाऊन बसलेला. पाठ कमानीसारखी, उचलायला गेलं की कुंई. मावशीनं पुरणपोळीचा तुकडा नाकापुढे धरला तरी ढिम्म, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. जवळच्या डॉक्टरांकडे नेला, ते म्हणाले लचक असेल, दुखायचं इंजेक्शन दिलं, आलो घरी. आता दुखायचं थांबलं म्हटल्यावर तो गप्प बसतोय होय, संध्याकाळी बेल वाजली तशी सोफ्यावरून उडी मारून दाराकडे पळाला. सकाळी उठून बघते तर पुढचे पाय चालतायत आणि मागचे दोन्ही ओल्या फडक्यासारखे फरशीवरून ओढत येतायत.

मोठ्या हॉस्पिटलात नेला. तिथल्या मॅडमनी आधी विचारलं, काल कुठलं इंजेक्शन दिलं, कारण ते वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र गेलं तर पोटात अल्सर होऊ शकतो. मग हातात चिमटा घेऊन त्यानं मागच्या पायाचं बोट करकचून दाबलं. पाय मागे ओढला गेला, मी म्हटलं, "बघा, कळतंय त्याला!" तर त्या म्हणाल्या, नाही, हे नुसतं मणक्यातल्या मणक्यात होतं, मेंदूपर्यंत काही पोचलेलं नसलं तरी पाय ओढला जातो, त्यानं वळून बघितलं पाहिजे, नाहीतर ओरडलं पाहिजे. दुसऱ्या पायाचं बोट दाबलं, आणखी जोरात. मी त्याचं डोकं धरून उभी आणि मनात एकच, ओरड रे बाबा, चाव हवं तर. आणि तो केकाटला, वळून मॅडमचा हात धरायला गेला. दादा आणि मी चक्क हसलो. बाजूला मांजर घेऊन बसलेल्या काकू आमच्याकडे अशा बघत होत्या की विचारू नका.

त्या एका ओरडण्यावर बरंच ठरतं म्हणे. ही खोलवरची वेदना शाबूत असली तर ऑपरेशननंतर दहातले नऊच्या आसपास परत चालतात, गेली असेल तर साधारण निम्मेच. आजार म्हणजे आपली स्लिप डिस्कच, मणक्यांमधली गादी फुटून मज्जारज्जूवर दाबते. पण डॅशहुंडमध्ये दर चार-पाचांमागे एकाला कधी ना कधी हा त्रास होतो, कारण ज्या जीनची गडबड आखूड पायांशी जोडलेली आहे तीच गाद्या लहानपणीच सुकवते. बिळात घुसून बॅजर नावाचा प्राणी धरायला जर्मनीत ही जात तयार केली, आणि आम्ही पायांना क्यूट म्हणत फोटो टाकत होतो!

एमआरआय, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, खर्चाचा आकडा ऐकून बाबा नुसते चष्मा पुसत बसले. पण ते सगळं डॉक्टरांचं काम. आमचं काम घरी आल्यावर सुरू झालं आणि ते म्हणजे लघवी. त्याला स्वतःहून होतच नव्हती, दर सहा तासांनी पोट दाबून काढायची, राहिली की इन्फेक्शन. मॅडमनी शिकवलं होतं तरी पहिल्या रात्री मी आणि दादा बाथरूममध्ये पाऊण तास, हा मध्ये उभा, पोट दगड. मी रडायला लागले. मग आई उठून आली, म्हणाली सरक. दोन्ही तळवे मागच्या पायांच्या जरा पुढे सपाट ठेवले, बोटं नाही टोचायची, आत मोसंब्याएवढं काहीतरी लागतं, ते लिंबासारखं पिळायचं नाही, नुसतं धरून हळूहळू मागे दाबत राहायचं आणि थांबायचं. आईनं तेच केलं, वर त्याच्याशी भाजीच्या भावाबद्दल गप्पा मारत होती. अर्ध्या मिनिटात धार. "दोन पोरं वाढवलीत," एवढंच म्हणाली.

बाकी दिवस पिंजऱ्यात. उडी नाही, जिना नाही, फिरणं नाही. बिल्डिंगमधल्या एकानं सांगितलं, "कशाला हाल करताय, झोपवून टाका," त्यांना मी अजून बोलत नाही आणि बोलणारही नाही. गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर, रात्री दोनची पाळी दादाची, तो कधी चुकला नाही हे इथे लिहून ठेवते कारण तोंडावर सांगणार नाही.

आता पडवळ चालतो. मागचं बूड डावीकडे जातं, वळताना दारुड्यासारखा झोकांडतो, गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात म्हणून घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्यात. लघवी अजून आम्हीच काढतो, म्हणजे परवापर्यंत. परवा सकाळी दारात बाबांच्या नव्या कोल्हापुरीवर डायरेक्ट, स्वतःहून, पाय वर करायचीही तसदी न घेता. बाबांनी ती चप्पल अजून धुतली नाहीये, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतायत.