कापसाची ट्रॉली जोडताना आणि ओढताना: माझा अनुभव

कापूस वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, पहिला वेचा घरात आला, की पावसाळाभर गोठ्यामागे उभी असलेली ट्रॉली बाहेर निघते. चार महिने उभी राहिलेली ट्रॉली थेट भरायची नाही. मी आधी जॅकवर एकेक चाक उचलून हाताने फिरवतो. खरखर लागली किंवा चाक धरून हलवल्यावर खेळ जाणवला, की बेअरिंग उघडून डिझेलने धुवायचं आणि नवं ग्रीस भरायचं. नट समोरासमोरचे आवळत जायचे. गोल फिरत एकामागून एक आवळले तर डिस्क तिरपी बसते आणि भरल्या ट्रॉलीत नट ढिले होतात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याच्या आत, पण दोन्ही चाकांत सारखी. एकात कमी असली तर कापसाचा उंच भार त्याच बाजूला कलतो.

जोडायला दोन माणसं लागतात आणि दोघांनी आपापली जागा सोडायची नाही. ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले, दांडी (ट्रॉलीचा पुढचा ओढायचा दांडा) स्टँडवर, तिचं भोक ट्रॅक्टरच्या हुकाच्या उंचीला. ट्रॅक्टर मागे येत असताना दुसरा माणूस बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहतो. ट्रॅक्टर आणि दांडी यांच्यामध्ये कोणीच नाही. माझा यात सर्वांत कडक नियम हाच आहे, कारण क्लचवरून पाय सटकला तर मधल्या माणसाला पळायला फूटभरही जागा नसते. भोकं जुळली की ट्रॅक्टर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, आणि मगच पिन घालायला हात आत जातो. दोन-चार इंच फरक राहिला तर दांडी खांद्याने ओढायची नाही, ट्रॅक्टर पुन्हा हलवायचा.

पिन वरून खाली घालायची आणि पिनेच्या खालच्या टोकाच्या भोकात क्लिप. क्लिप नसली तर खड्ड्यांच्या रस्त्यावर पिन उसळत उसळत वर येते. पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट चालवणारे पुष्कळ आहेत. साधं लोखंड झटक्याने आधी वाकतं, मग तुटतं. पिन दरवेळी बोटांनी चाचपतो. मधोमध कंबर पडल्यासारखी खाच लागली की ती पिन भंगारात. वर साखळी हवीच. ती दांडीखालून फुलीसारखी आडवी-उभी टाकायची, म्हणजे पिन गेलीच तर दांडी साखळीच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. ढील वळणापुरती, जमिनीला न घासेल इतकी.

ओढ नेहमी खालच्या हुकावरच. दांडी उंच घेऊन टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी बांधली तर ओढ मागच्या धुऱ्याच्या (अॅक्सलच्या) वर लागते, आणि चढावर किंवा चिखलात जोर दिला की ट्रॅक्टरचं तोंड उचलून तो चालवणाऱ्यावर उलटतो. हायड्रॉलिकच्या खालच्या दोन्ही लिंका (अवजार उचलणारे हात) वर घेऊन बांधायच्या, नाहीतर वळणावर त्या दांडीवर आदळतात. टिपिंगची होज (ट्रॉली उचलून रिकामी करायची तेलाची नळी) जोडताना तोंड कापडाने पुसायचं. काळ्या मातीचा कण आत गेला तर सील खराब होतं.

आता भरणं, आणि खरी गोम इथेच आहे. बंडी हाकलेल्यांना हे सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की बंडी उलार होते, म्हणजे मागे झुकून पुढून उचलते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर जू बसतं. दोन चाकांच्या ट्रॉलीचं तेच. एकूण भाराचा दहा-पंधरा टक्के तरी हिस्सा दांडीवर यायला हवा, म्हणजे 25 क्विंटल कापसात अडीच ते पावणेचार क्विंटल. मागे भार गेला तर दांडी ट्रॅक्टरचं बूड उचलते, मागची चाकं फिरत राहतात आणि ट्रॉली सापासारखी वळवळते. पुढे फार झाला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. म्हणून मी पुढच्या फळीपासून भरायला घेतो, धुऱ्याच्या थोडं पुढे जड ठेवतो आणि निघाल्यावर अंगणातच एक वळण घेऊन स्टीअरिंग किती हलकं लागतं ते बघतो. हलकं लागलं तर पुढचा कापूस मागे सरकवायचा. ट्रॉलीत सोयाबीनची पोती असतील तर हे जास्तच जपायचं. कापूस फुगतो, पोतं दाबतं.

रस्त्यावर निघण्याआधी ब्रेकची दोन्ही पेडलं कडीने एकत्र बांधायची. वावरात वळायला ती सुटी ठेवतात, पण भरधाव ट्रॅक्टरचा एकच ब्रेक लागला तर तो फिरून आडवा होतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, उतारावर सगळा भार ट्रॅक्टरला ढकलतो. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि गिअर उतार लागायच्या आधीच टाकायचा. उतारावर क्लच दाबला किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रल केला की इंजिनची अडवणूक संपते, ट्रॉली पुढे येते आणि दांडीशी घडी पडते.

हिंगणघाटला जाताना जाम गावाजवळ नागपूर–हैदराबाद महामार्ग लागतो. तिथे मागच्या गाड्यांना ट्रॉलीचा वेग ओळखू येत नाही. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी चकाकणारी पट्टी, टेल लॅम्प आणि इंडिकेटर चालू हवेत. कापूस ताडपत्रीबाहेर लोंबला तर नेमके तेच दिवे झाकले जातात, म्हणून ताडपत्री घट्ट बांधून मागे जाऊन दिवे बघतो. वर कोणी माणूस बसवायचा नाही. पाच किलोमीटरवर एकदा थांबून हाताच्या पाठीने हब (चाकांचे मधले तुंबे) चाचपायचे. एकच गरम लागला तर त्याच्या बेअरिंगला ग्रीस नाही किंवा ते जास्त आवळलं आहे.

सोडताना क्रम उलटा, पण दगड सर्वांत आधी. मग स्टँड, काळ्या मातीत त्याच्याखाली फळी, नाहीतर रात्रभरात दांडी रुतून बसते. होजमधला दाब उतरवून ती काढायची, लाइटची वायर काढायची, मग साखळी. पिन शेवटी, आणि दांडीचा भार स्टँडवर बसला आहे हे पिन हाताने सैल फिरतेय यावरून कळतं. फिरत नसेल तर हातोडीने ठोकायची नाही, स्टँड फिरवून दांडी एक-दोन आट्या वर उचलायची.