आयटीआयच्या वाटेने बारावी : माझा अनुभव

आयटीआयला गेलेला मुलगा म्हणजे दहावीवर थांबलेला मुलगा, हा समज आमच्या नात्यागोत्यात इतका पक्का आहे की माझ्या हातात बारावीचे प्रमाणपत्र पाहून काहींनी ते खरे आहे ना, असेही विचारले. ते खरे आहे आणि महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कोल्हापूर विभागाने ते दिलेले आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय व्यवसाय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराने मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत दोन भाषा विषय उत्तीर्ण केले, तर त्याच्या आयटीआयमधील शिक्षणाचे श्रेय मान्य होऊन त्याला बारावी पूर्ण करता येते. मंडळाच्या परिपत्रकांत याचा उल्लेख ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ असा होतो, आणि तोही बहुधा पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार व तुरळक विषय घेणाऱ्या उमेदवारांच्या रांगेत, एखाद्या ओळीत उरकलेला. ती ओळ आपल्यासाठी आहे, हे कळायलाच मला बराच काळ लागला.

माझा व्यवसाय फिटर, म्हणजे संस्थेच्या कागदोपत्री ‘जोडारी’. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करत असल्याने यंत्रांचे भय नव्हते; अकरावी विज्ञानाला जाऊन घरच्यांना शिकवणीचा खर्च पेलवणार नव्हता, हेही तितकेच खरे. पहिल्या वर्षी कानस धरून लोखंडाचा तुकडा सपाट आणि काटकोनात आणण्यात महिने जातात. एक भाग दुसऱ्यात अचूक बसवायचा जॉब, म्हणजे घडवायला दिलेला नग, मिलीमीटरच्या शतांश भागांत मोजला जातो आणि निदेशक सर तो उजेडासमोर धरून फटीतून प्रकाश येतो का, ते पाहतात. दुसऱ्या वर्षी हायड्रॉलिक, न्यूमॅटिक आणि यंत्रांची देखभाल येते. त्याच्या जोडीला कार्यशाळा गणित व विज्ञान, अभियांत्रिकी चित्रकला आणि रोजगारक्षम कौशल्ये हे विषय असतात. त्रिकोणमिती मी शाळेत पाठ केली होती. ती कळली मात्र साइन बारवर कोन बसवताना. हे सगळे सविस्तर सांगतो आहे, कारण ‘दोन भाषा दिल्या की बारावी मिळते’ असे ऐकणाऱ्याला ती फुकटात मिळाल्यासारखी वाटते. उरलेल्या विषयांची किंमत आम्ही दोन वर्षे शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, उभे राहून मोजलेली असते.

2023 मध्ये आयटीआय उत्तीर्ण होऊन मी एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झालो. तेथे असताना एका सरकारी भरतीचा अर्ज भरायला बसलो आणि शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात अडखळलो. ‘बारावी किंवा समकक्ष’ अशी अट होती. समकक्ष म्हणजे काय, हे विचारत फिरताना आमच्याच संस्थेतून आधी बाहेर पडलेल्या एका दादांनी हा मार्ग सांगितला. मला आजही वाटते की ही माहिती प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक मुलाच्या आणि पालकाच्या कानावर घालायला हवी. आठवीच्या पात्रतेवर तारतंत्रीसारख्या दोन वर्षांच्या व्यवसायाला आलेल्या मुलांना याच पद्धतीने दहावी पूर्ण करता येते, आणि त्यांना तर या माहितीची गरज आमच्याहून जास्त असते.

अर्ज थेट मंडळाकडे जात नाही. तो कनिष्ठ महाविद्यालयामार्फत मंडळाच्या संकेतस्थळावर भरला जातो. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे अर्ज साधारणपणे काही महिने आधी, आदल्या वर्षीच सुरू होतात. त्यामुळे दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्याचे वर्ष जाऊ शकते. मी ज्या महाविद्यालयात प्रथम गेलो तेथील कार्यालयात असा अर्ज पूर्वी कोणी भरलेला नव्हता, आणि मला खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा अर्ज भरण्याचा सल्ला मिळाला. तो स्वीकारला असता तर बारावीचे सर्व विषय नव्याने द्यावे लागले असते. मी मंडळाच्या परिपत्रकाची प्रत काढून संबंधित ओळीखाली रेघ मारली आणि ती घेऊन दुसऱ्या महाविद्यालयात गेलो. तेथील लिपिक मॅडमनी ती शांतपणे वाचली, विभागीय मंडळात दूरध्वनी करून खात्री केली आणि अर्ज भरून घेतला.

कागदपत्रांत खरा घोळ नावाचा असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि त्यानंतर स्वतःचे व वडिलांचे नाव येते. माझ्या आयटीआयच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रावर मात्र वडिलांचे नाव नावात नव्हतेच, ते वेगळ्या रकान्यात होते. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत, हे मला ठाऊक असून उपयोग नव्हता. संस्थेकडून बोनाफाइड आणि नावाच्या खुलाशाचे पत्र घेतले, तेव्हा गाडी पुढे सरकली. ज्यांच्या नावात किंवा जन्मतारखेत चूक आहे, त्यांनी ती दुरुस्त करण्याचे काम अर्जाची वाट न पाहता आयटीआयमध्ये असतानाच सुरू करावे, कारण नंतर संस्था, कारखाना आणि महाविद्यालय यांच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत.

आता अभ्यास. मी इंग्रजी आणि मराठी हे विषय घेतले होते आणि मराठीचा विचार करण्याची गरजच नाही, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ‘युवकभारती’ हे बारावीचे पाठ्यपुस्तक उघडल्यावर कवितेचे रसग्रहण समोर आले. दिवसभर कूलंटच्या वासात काढून रात्री कवितेतील भावसौंदर्य उलगडायला बसणे सोपे नव्हते. शिवाय तीन वर्षांत सलग दहा ओळी मराठी लिहिण्याचा प्रसंग आलेला नव्हता. उपयोजित मराठीत मात्र मला अनपेक्षित आधार मिळाला. त्या विभागात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख आहेत. आम्ही आयटीआयमध्ये रोजच्या जॉबची नोंदवही लिहीत होतो : कोणते साहित्य, कोणती हत्यारे, कामाचा क्रम, घ्यायची काळजी. अहवालाचा सांगाडा याहून फार वेगळा नसतो. यंत्राच्या माहितीपुस्तिका हाताळलेल्या असल्याने माहितीपत्रकात काय आधी आणि काय नंतर यावे, याचाही अंदाज होता.

इंग्रजीचे तसे नव्हते. शॉपमधील आमची इंग्रजी ही वस्तूंच्या नावांची आणि आज्ञांची इंग्रजी असते. मायक्रोमीटर, टॉलरन्स, बेअरिंग, चेक, टाइट, रिव्हर्स. शब्द शेकडो येतात, पण त्यांना जोडून वाक्य करण्याची वेळ कधी येत नाही. बारावीच्या इंग्रजीत तर कादंबरी या साहित्यप्रकाराचा स्वतंत्र विभाग आहे आणि पात्रे, कथानक, पार्श्वभूमी यांवर स्वतःच्या वाक्यांत उत्तरे लिहावी लागतात. मी आधी गाइड पाठ करून पाहिले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते डोक्यात राहायचे आणि रात्रपाळी आली की पुसून जायचे. मग शेजारच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे जाऊ लागलो. त्यांनी पाठांतर बंद करायला लावले आणि रोज कारखान्यात झालेल्या एका कामाबद्दल पाच इंग्रजी वाक्ये लिहून आणायला सांगितले. सुरुवातीला सगळी वाक्ये ‘आय’ने सुरू होत. हळूहळू कर्मणी प्रयोग आला, कारण यंत्राची दुरुस्ती लिहिताना कोणी केली यापेक्षा काय केले गेले, हेच सांगायचे असते. व्याकरणाच्या प्रश्नांत याचा थेट उपयोग झाला. कवितेवरील प्रश्नांना मी शेवटपर्यंत बेताचाच राहिलो आणि बाईंनीही ते ओळखून लेखनकौशल्ये, सारांश आणि नोंदी काढणे या प्रश्नांवर जोर दिला. उत्तीर्ण होण्यासाठी 35 गुण लागतात. ध्येय तेवढेच ठेवून अभ्यास करावा असे मी म्हणणार नाही, पण नोकरी करणाऱ्याने आपले हमखास गुण कोठे आहेत हे ओळखणे शहाणपणाचे आहे.

लेखी परीक्षेआधी दोन्ही भाषांची तोंडी परीक्षा महाविद्यालयात झाली. तिची तारीख फलकावर लागते, आपल्याला कोणी कळवत नाही. त्यामुळे लिपिक मॅडमचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवणे उपयोगी पडले. फेब्रुवारी-मार्च 2025 च्या परीक्षेत नियमित विद्यार्थ्यांबरोबर बसलो आणि मे महिन्यात निकाल लागला. मराठीत गुण बरे मिळाले, इंग्रजीत पुरेसे.

या बारावीने काय होते आणि काय होत नाही, हे अर्ज भरण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे. जेथे केवळ बारावी उत्तीर्ण ही अट असते अशा भरत्यांचे अर्ज, पोलीस शिपाई भरतीसह, मला आता भरता येतात. कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीकडेही जाता येते. परंतु भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय बारावीला मागणाऱ्या अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशासाठी हा कागद चालत नाही, आणि अनेकजण नेमक्या याच अपेक्षेने या मार्गाला येतात. त्यांच्यासाठी वेगळी शिडी आहे : पात्रतेच्या अटी पूर्ण करणाऱ्या आयटीआय उत्तीर्ण मुलांना तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. माझ्या बॅचचा एक मित्र त्या शिडीने गेला. त्याला भाषांचे पेपर द्यावे लागले नाहीत, पण पदविकेच्या गणिताने त्याचा घाम काढला आणि पूर्णवेळ शिकायचे असल्याने पगारही सोडावा लागला. मला पगार सोडणे शक्य नव्हते. म्हणून मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या वाणिज्य पदवीला नाव घातले आहे. हिशेबाच्या नोंदी शिकताना आता उलटी अडचण येते : रकाने आणि क्रम लगेच कळतात, पण पुस्तकातली बहुतेक उदाहरणे दुकानदाराची असतात, कारखान्याची क्वचितच.