तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं तोडायला झांबियात कशाला?

लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये झालंय. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी, मी आ वासून पडलेली असताना विचारलं, "तुम्ही निसर्गवाले ना? मग तिकडे जाऊन झाडं का तोडता?" पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, "आणि तोडायचीच तर आपल्याकडे घाणेरी काय कमी आहे?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. घाणेरीही उपटलीय, हात सोलून निघेपर्यंत. तेव्हा कुणी चौकशी केली नाही.

पहिल्याचं उत्तर द्यायला लागले की लोक मोबाइल काढतात, म्हणून इथे लिहिते. काफुए नदीच्या पूरमैदानात लोचिनवार राष्ट्रीय उद्यान आहे. आम्ही तोडत होतो ते मिमोसा पिग्रा. लाजाळूच्याच कुळातलं, पानंही तशीच मिटतात, पण माणसापेक्षा उंच आणि काटेरी. मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. 1980 च्या सुमारास उद्यानात ते जेमतेम 2 हेक्टरवर होतं, पंचवीसेक वर्षांत 3,000 च्या जवळ गेलं. शेंगांचे तुकडे पुराबरोबर तरंगत जातात आणि बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काफुए लेचवे हे हरीण जगात फक्त या मैदानात आहे. पुराच्या कडेकडेने, पाण्यात उभं राहून चरणारं. मिमोसाच्या जाळीत त्याला शिरता येत नाही आणि खाली गवतही उरत नाही. 1970 च्या दशकात लेचवे लाखाच्या घरात होते. अलीकडच्या गणनांत 30,000 च्याही खाली. सगळं पाप झुडपाचं नाही. शिकार झाली, आणि मैदानाच्या वर इतेझी-तेझी व खाली काफुए गॉर्ज अशी दोन धरणं झाली. पाणी विजेच्या हिशेबाने सुटू लागलं, पुराचं चढणं-ओसरणं बिघडलं, आणि मिमोसाचं फावलं.

इथवर मी ठाम असते. पुढचं सहसा सांगत नाही.

तळ्याकाठच्या एका जाळीशी एक मासे विकणारी बाई आली. वयाने माझ्या आईएवढी. ही एवढी राहू द्या, म्हणाली. त्या सपाट गवताळ रानात जळण मिळत नाही, मासे धुरावायला लाकूड लांबून डोक्यावर आणावं लागतं, आणि हे दारात उगवलंय. आमच्या मुकादमाने दुभाषा होऊन सांगितलं तेव्हा सगळ्यांचे कोयते थांबले. माझ्याकडे उत्तर पाठ होतं: एक जाळी ठेवली तर पुढच्या पुरात तिचंच बी सगळीकडे. ते मी सांगितलं. तिने वाद घातला नाही. आम्ही तोडत गेलो, ती मागून फांद्या गोळा करून मोळ्या बांधत गेली. जाताना तिने विचारलं, "पुढच्या वर्षी?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी इथे गवत असेल."

पूर ओसरल्यावर गवत आलंच. लेचवेही आले, पहाटे त्यांचा कळप तिथे चरताना मी पाहिला आणि खरं सांगते, पोट भरल्यासारखं वाटलं. पण गवताच्या बुडाशी मिमोसाची बोटभर रोपं होती, मोजवणार नाहीत इतकी. ती बाई आली, एक उपटून माझ्या हातात दिलं आणि हसली. चेष्टेने नव्हे. ते बरंच लागलं.

पुण्यात रस्तारुंदीकरणात वड जाणार होते तेव्हा मी बुंध्याला हात घालून उभी होते. ती मुलगी, म्हणजे तेव्हाची मीच, मला अजून अधूनमधून गाठते. म्हणते, धरणवाल्यांना सोडून तू झुडपांच्या मागे लागलीस, कारण झुडूप उलट बोलत नाही. मी म्हणते, धरणाचं पाणी सुटायची वाट बघत बसलो असतो तर लेचवे कुठे चरले असते? ती म्हणते, आणि त्या बाईचं जळण? तिथे माझं तोंड बंद होतं. पण लगेच हेही सुचतं, की तोडणीच्या मजुरीवर आसपासच्या गावांतली कितीतरी घरं चालली, आणि ती मजुरी चालू राहायची तर मिमोसाही पुन्हा उगवायला हवा. हे मी तिला सांगत नाही, तिचाच मुद्दा व्हायचा.

तर, हो, तोडली. बोलावलं तर परत जाईन, रोपं उपटायला माणसं दरवर्षी लागणारच. जळणाचं काय करायचं हे मात्र मी असेपर्यंत कुणी ठरवलं नव्हतं, मीही नाही.