बाकीना कोठे शेतस?

"इतली मोठी गाडी आनि दोनच जन? बाकीना कोठे शेतस?"

सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठी आमच्या ग्रुपच्या ५ कॅम्पर व्हॅन उभ्या होत्या. घोडेबाजार फिरून आलेले एक आजोबा आमच्या गाडीत डोकावले आणि अहिराणीत विचारलं, बाकीचे कुठे आहेत? बेड, गॅस, पाण्याची टाकी, सगळं हात लावून बघितलं. इथल्या एकमुखी दत्ताच्या दर्शनाला ते लहानपणी बैलगाडीतून यायचे. घरची १२ माणसं. शिदोरी गाडीत, गोधड्या गाडीखाली.

जुन्या काळची यात्रा अनुभवायची म्हणून आम्ही दोघं धुळ्याहून हौसेनं आलो. आईला विचारलंच नाही. तिला थंडी सोसणार नाही, हे आम्हीच ठरवलं.

रात्री फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "दर्शन झालं का रे नीट?"

मागचा बेड रिकामाच आहे. यात्राही अजून चालू आहे. उद्या जाऊन तिला घेऊन येऊ का?