बुधवारच्या बाजारानंतरचा फ्रीज

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून मी कधीही ठरवल्याएवढीच भाजी घेऊन परतलेले नाही. मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर असे सारेच टवटवीत दिसते, पिशवी भरते आणि शनिवारी त्यातले निम्मे फ्रीजच्या तळाशी पिवळे पडलेले सापडते. भरलेल्या फ्रीजसमोर उभे राहून रात्री आठ वाजता बाहेरून जेवण मागवण्याची वेळ का येते, याचा विचार केला तेव्हा ध्यानात आले, की माझ्या घरी भाजी असे, पण स्वयंपाकाची तयारी नसे. दमून आलेल्या माणसाला निवडायची मेथी दिसली, की भूक असूनही हात पुढे होत नाही.

म्हणून आता बुधवारची संध्याकाळ निवडण्यासाठीच राखून ठेवते. पालेभाजी निवडायची, पण धुवायची नाही, कारण पानांवर राहिलेल्या पाण्यानेच ती लवकर सडते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ती खालच्या कप्प्यात ठेवते. कोथिंबिरीची मुळे कापून ती कागद घातलेल्या डब्यात जाते, मिरच्यांचे देठ काढले जातात आणि आले-लसणाचे वाटण एका लहान बरणीत भरले जाते.

माझी खरी भिस्त मात्र कडधान्यांवर आहे. मटकी किंवा मूग रात्रभर भिजवून, निथळून, फडक्यात बांधले, की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच मोड दिसू लागतात. नाशिकच्या थंडीत तेच गाठोडे डब्यात झाकून उबेला ठेवावे लागते. मोड आले, की ते फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवते आणि कच्चे खाण्याऐवजी शिजवूनच वापरते. या गावात मिसळीचा मोह आवरणे अवघड. पण मोड तयार असले, की तर्री बेताची ठेवून ती घरी करता येते. छोले आणि राजमा उकडून एका वेळेपुरते डबे फ्रीजरमध्ये असतात. दही तर असतेच. दाण्याचा कूट आणि जवसाची चटणीही मी आत ठेवते, कारण त्यांतील तेलाला बाहेरच्या उष्णतेत खवट वास येतो.

कांदा मात्र फ्रीजमध्ये ठेवू नये. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे सांगावे लागू नये, पण मी स्वतः ती चूक केलेली आहे. आत ओलावा धरून तो मऊ पडतो. बटाट्यातील पिष्टाची थंडीत साखर होते, म्हणून तोही बाहेरच, आणि कांद्यापासून दूर.

दूध दाराच्या कप्प्यात ठेवण्याची सवय मोडायला मला वर्ष लागले. दार सतत उघडते आणि तोच भाग सर्वांत कमी थंड राहतो. आतील तापमान 4 अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. उरलेला भात दोन तासांच्या आत, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर तासाभरात, पसरट डब्यात आत गेला पाहिजे.

आठवड्याचा क्रमही आपोआप ठरला आहे: पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग भेंडी-दोडका, आणि शेवटी टिकाऊ मंडळी. मंगळवारी रात्री अर्धा कोबी आणि दोन गाजरे उरतात. ती किसून, भाजणीत कालवून, वर तीळ लावून थालीपीठ थापते आणि सोबत आदल्या रात्रीचे दही घेते.