बंड्याचे पथ्य

दुपारी अडीचच्या सुमारास दाराच्या चौकटीवर काहीतरी आपटले आणि माझा कुत्रा बंड्या आला हे न पाहताच कळले. शस्त्रक्रियेला आज सहावा दिवस आहे, तरी गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन आपल्या डोक्यापेक्षा केवढा रुंद आहे, याचा अंदाज त्याला आलेला नाही. कोनाच्या आतल्या कडेला माझ्या सेव-उसळीतली एक शेव चिकटली होती. ती त्याला दिसत होती, जीभ मात्र पोहोचत नव्हती.

बडोद्याच्या दांडिया बाजारात त्याला नेमके काय झाले आहे, हे सांगण्याची मोठी पंचाईत आहे. 'खच्ची केले' म्हणावे तर तो बैल वाटतो, 'निर्बीजीकरण' म्हणावे तर महानगरपालिकेची गाडी दारात उभी राहिल्यासारखे वाटते आणि 'नसबंदी' हा शब्द तर चक्क चुकीचा आहे, कारण नसबंदीत फक्त नळी कापतात, इथे वृषणेच काढली आहेत. शेवटी शेजारच्या बेनना 'छोटेसे ऑपरेशन' एवढेच सांगितले. त्यांनी त्याच्यासाठी शिरा पाठवला. तो मी खाल्ला.

डॉक्टरांनी दहा ते चौदा दिवस उडी, जिना आणि अंघोळ बंद सांगितली आहे, त्यामुळे अठरा किलोंचा बंड्या उराशी धरून मी बावीस पायऱ्यांचा लाकडी जिना दिवसातून तीनदा चढतो-उतरतो. पण खरी कसोटी त्याला चाटू न देण्याची आहे. कुत्र्याने चाटले की जखम भरते, असे आजी ठामपणे म्हणत असे. प्रत्यक्षात टाके उसवतात आणि जखम चिघळते. मात्र मला कांजिण्या झाल्या, तेव्हा हीच आजी माझ्या हातांत आजोबांचे लोकरीचे मोजे चढवून, ते मनगटाशी नाडीने बांधून रात्र-रात्र उशाशी बसली होती. खाज सुटली की ती कडुलिंबाची डहाळी अंगावरून हलकेच फिरवायची आणि मी मोज्यांच्या मुठी आवळून तिला शिव्या द्यायचो. एका पहाटे तिला डुलकी लागली आणि मी दातांनी गाठ सोडवली. डाव्या भुवईवरचा खड्डा त्या पहाटेचा आहे. सकाळी तिने तो पाहिला, काही न बोलता मोजे पुन्हा बांधले आणि त्यानंतर मला तरी ती झोपलेली दिसली नाही.

बंड्या आता कोनासकट पलंगाखाली शिरण्याच्या खटपटीत आहे. माझे डोळे मिटू लागले आहेत.